बोलते करण्याआधी

दरड, भूकंप, महापूर किंवा मोठा अपघात घडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वा दिवसांत भेदरलेल्या, सुन्न किंवा सैरभैर झालेल्या माणसाला दिला जाणारा माणुसकीचा आणि व्यवहारी आधार म्हणजे मानसिक प्रथमोपचार होय. यातील ‘उपचार’ हा शब्द थोडा फसवा आहे. कारण या आधारात निदान नसते, औषध नसते, रूढ अर्थाचे समुपदेशनही नसते, आणि थोडे प्रशिक्षण घेतलेली आशा स्वयंसेविका, शिक्षक, पोलीस शिपाई किंवा छावणीत जेवण वाढणारा कार्यकर्ताही तो देऊ शकतो.

हा मार्ग रुळण्याआधी जगभर भर होता तो माणसाला बोलते करण्यावर. ‘बोलले की मन हलके होते’ हा आपल्याकडचाही जुना समज, आणि एरवी तो खोटा नाही. अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी एक गटपद्धती मांडली, जिच्यात घडलेला प्रसंग, त्या वेळचे विचार आणि भावना क्रमाने बोलून घेतल्या जात. पुढे ही पद्धत थेट आपद्ग्रस्तांवर, तीही एकेकट्यावर आणि एकाच बैठकीत, वापरली जाऊ लागली. परंतु ब्रिटनमध्ये भाजलेल्या आणि रस्ते अपघातांत जखमी झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला असता, अशा बैठकीचा लाभ दिसला नाहीच, उलट काही रुग्णांची स्थिती ती न झालेल्यांपेक्षा वाईट आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नये असे सांगितले, आणि 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या महिन्यातील आघातजन्य ताणावर झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांच्या बेन्झोडायझेपिन या गटातील औषधे देऊ नयेत असेही बजावले. वृत्तवाहिनीचा प्रतिनिधी ढिगाऱ्यासमोर माईक धरून ‘आता तुम्हाला काय वाटतंय?’ असे विचारतो, तेव्हा तो त्याच टाकून दिलेल्या पद्धतीचा सर्वांत ओबडधोबड प्रयोग करत असतो.

याच संघटनेने दोन स्वयंसेवी संस्थांसह 2011 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराचे सूत्र तीन क्रियापदांत बसवले आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहायचे ते आधी जागेची सुरक्षितता आणि मग तातडीची गरज कोणाला आहे हे. त्यात आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा कोपऱ्यात भिंतीला टेकून, भिजलेल्या कपड्यांत, हातातला चहा गार होईपर्यंत तसाच धरून बसलेल्या बाईकडे अनेकदा दुर्लक्ष होते. तिच्याजवळ उभे न राहता तिच्या पातळीवर बसावे, आपले नाव आणि काम सांगावे, आणि ‘काय झालं?’ याऐवजी ‘आत्ता तुम्हाला काय हवंय?’ असे विचारावे. उत्तर आले नाही तरी चालते. कोरडी चादर, पाणी आणि शेजारची शांत सोबत एवढेही त्या घटकेला पुरेसे असते. ती काल-आजचे भान हरवल्यासारखी झाली असेल, तर पाय जमिनीला टेकवायला आणि सावकाश श्वास सोडायला सांगता येते. ती आपणहून बोलू लागली तर मात्र मध्ये न तोडता ऐकावे. ‘देवाची इच्छा’, ‘तुम्ही तरी वाचलात ना’ ही सांत्वनाची तयार वाक्ये, ती कितीही सद्भावनेने आलेली असोत, दुःख करण्याचा तिचा हक्कच काढून घेतात.

तिसरी क्रिया दिसायला सर्वांत किरकोळ, पण कामाला सर्वांत मोठी आहे. हरवलेल्या नातेवाइकाचा फोन लावून देणे, पंचनामा केव्हा होणार हे खात्री करून सांगणे, लहान मुलाला ओळखीच्या माणसाजवळच ठेवणे, या सगळ्यांतून हातातून निसटलेल्या जगाचा एखादा धागा पुन्हा हाती येतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 1999 चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि 2004 ची त्सुनामी यांनंतर गावपातळीवरील कार्यकर्त्यांना अशाच कामासाठी तयार केले, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2009 मध्ये मानसिक-सामाजिक साहाय्यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. अर्थात, या प्रथमोपचारामुळे पुढचा मानसिक विकार निश्चित टळतो असा ठाम पुरावा अद्याप हाती नाही. तो मुख्यतः अनुभवी तज्ज्ञांच्या सहमतीवर उभा आहे, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी लपवू नये. महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला, झोप उडाली किंवा मरणाचे विचार आले (आणि असे विचार आले तर महिनाभर थांबूच नये), तर डॉक्टर गाठावा किंवा ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक फिरवावा.

सर्वांत अवघड कसोटी लागते ती मृतदेहच न मिळाल्यास. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागल्यावर शोधकार्य थांबवण्यात आले, तेव्हा 57 जण बेपत्ता होते. अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हणतात: माणूस गेला असे म्हणवत नाही, आहे असेही म्हणता येत नाही, आणि अंत्यविधीला आधार उरत नाही. अशा घरातील माणूस ‘सापडेल ना हो?’ असे विचारतो, तेव्हा खोटा दिलासा वा परस्पर निकाल देण्यापेक्षा ‘मला माहीत नाही, शोधाची पुढची माहिती कळली की तुम्हालाच आधी सांगतो,’ असे म्हणावे, आणि नवे काही हाती नसले तरी सांगितलेल्या वेळी परत जावे.