अशोकाची साल
(सं. अशोक, हेमपुष्प, हिं. सीता अशोक, लॅ. सराका असोका, कुल–लेग्युमिनोजी). सह्याद्रीच्या सदापर्णी वनांत ओढ्यांच्या काठी, सु. ७५० मी. उंचीपर्यंत आढळणाऱ्या या लहान वृक्षाची साल आयुर्वेदात स्त्रीरोगांवरील प्रमुख औषध मानतात. ती तुरट व कडवट असून तीत टॅनिने असतात. मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होत असल्यास साल दूध व पाण्यात उकळून, पाणी आटल्यावर उरलेले दूध देतात. सालीच्या काढ्यात गूळ व धायटीची फुले घालून आंबविल्यावर अशोकारिष्ट बनते. रक्ती आव व रक्ती मूळव्याध यांवरही साल परंपरेने वापरतात. गर्भवतींनी मात्र ती वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

मागणी मोठी व वृक्ष थोडे, त्यामुळे बाजारात आसूपालवाच्या सालीची भेसळ होते. रस्त्याकडेला लावतात तो ‘अशोक’ म्हणजे हाच आसूपालव. तो सीताफळाच्या कुलातील आहे. त्याची पाने साधी, कडांना तरंगित व फुले हिरवट असतात. खऱ्या अशोकाची पाने संयुक्त व फुले नारिंगी, पुढे लाल होणारी असतात. सोललेल्या सालीवरून हा भेद सहज कळत नाही.

पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. म्हणून खोडाभोवतीची साल सर्व बाजूंनी काढल्यास वृक्ष मरतो. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ मध्ये या जातीची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून केली. बियांपासून लागवड करून, तोडलेल्या फांद्यांची साल वापरल्यास औषध व वृक्ष दोन्ही टिकू शकतात.