पडद्यावरील भूत

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. अशा गावातील एखाद्या जुन्या, ओसाड घराची कल्पना करावी. उन्हाळ्याची रात्र असावी, वीज गेलेली असावी, आणि एखादा मुलगा त्या घरावरून एकटाच जात असावा. इतक्यात छपरावर 'टण्' असा आवाज होतो. पाठोपाठ आत कोणीतरी घोगऱ्या स्वरात फुत्कार टाकल्यासारखे वाटते. मुलाच्या छातीत धडधडू लागते, अंगावर काटा उभा राहतो आणि पावले आपोआप भराभर पडू लागतात. त्याने डोळ्यांनी काहीच पाहिलेले नसते. तरी आपल्या घरी पोचेपर्यंत त्या ओसाड घरात भूत आहे, अशी त्याची खात्री होऊन चुकलेली असते.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वडीलधाऱ्यांसह तेथे गेला, तर सारा उलगडा होतो. दिवसभर विदर्भातील उन्हात तापून प्रसरण पावलेले टिनाचे पत्रे रात्री निवू लागले की आकुंचन पावतात आणि त्यांतून आवाज निघतो. फुत्कार टाकणारा प्राणी म्हणजे गव्हाणी घुबड होय. पडक्या इमारतींच्या आडोशाला ते राहते आणि उंदीर खाऊन शेतकऱ्याचे हितच करते. आवाज खरे होते. भूत मात्र मुलाच्या मनाने निर्माण केले होते.

असे का व्हावे? अंधारात डोळ्यांना फारसे दिसत नाही, म्हणून कान अधिक सावध होतात. संकटाची नुसती शंका आली तरी शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींतून एक द्रव्य रक्तात मिसळते आणि हृदयाचे ठोके वाढतात. केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आखडतात आणि केस ताठ उभे राहतात. संकट खरे की खोटे, याचा निवाडा बुद्धी करीपर्यंत शरीर थांबत नाही. अपुऱ्या ज्ञानाची जागा कल्पना भरून काढते, आणि तेथेच भय जन्म घेते.

मानवी मनाचा हा धर्म चित्रपट तयार करणाऱ्यांनी चांगला ओळखला आहे. मुंबईतील मालाड येथे 'बॉम्बे टॉकीज' ही प्रसिद्ध चित्रपटसंस्था होती. तिने १९४९ मध्ये 'महल' हा हिंदी चित्रपट तयार केला. त्याचे दिग्दर्शक होते कमाल अमरोही. अशोककुमार आणि मधुबाला यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. यमुनेच्या काठी एक जुना वाडा असतो. त्याचा नवा मालक असलेला तरुण तेथे येतो. बागेचा वृद्ध माळी त्याला त्या वाड्याच्या पूर्वीच्या धन्याची आणि त्याच्यासाठी झुरून गेलेल्या कामिनीची करुण कहाणी सांगतो. पुढे भिंतीवरचे एक जुने चित्र त्या तरुणाच्या दृष्टीस पडते. ते त्या धन्याचे असते, आणि त्यातील चेहरा हुबेहूब त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यासारखा असतो! मग कोठून तरी एका स्त्रीचे गाणे ऐकू येऊ लागते.

या चित्रपटात भयंकर मुद्रेचे भूत कोठेही दाखविलेले नाही. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराने वाड्यातील दालने, जिने आणि खांब अशा रीतीने चित्रित केले की, प्रकाशाइतकीच सावलीही बोलू लागली. प्रेक्षकाचे डोळे त्या सावल्यांत कोणाला तरी शोधू लागतात.

गाण्याच्या बाबतीत तर फारच कल्पकता दाखविली गेली. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे ते गीत गाणाऱ्या लता मंगेशकर तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होत्या. गाणारी दुरून जवळ येत आहे असे भासले पाहिजे होते. त्यासाठी ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी ठेवण्यात आला आणि लताबाईंनी एका कोपऱ्यातून गात गात हळूहळू त्याच्याकडे यावे असे ठरले. त्यामुळे स्वर प्रथम क्षीण, मग स्पष्ट आणि अखेर अगदी निकट ऐकू येतो. गाणारी दिसत नाही, पण जवळ येत आहे हे कळते. ओसाड घरातील फुत्कार ऐकणाऱ्या मुलाची जी अवस्था झाली, तीच येथे प्रेक्षकाची होते.

भय निर्माण करण्याची आणखी एक रीत आहे. थायलंड देशात बँकॉक येथे फ्रा खनोंग नावाच्या कालव्याकाठची एक लोककथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. नवरा युद्धावर गेला असता त्याची पत्नी नाक बाळंतपणात मरण पावते. परत आलेल्या नवऱ्याला मात्र घरी पत्नी आणि मूल पूर्वीसारखीच दिसतात. या कथेवर दिग्दर्शक नोन्झी निमिबुत्र यांनी १९९९ मध्ये 'नांग नाक' हा चित्रपट काढला. तेथील घरे लाकडी खांबांवर उंच बांधलेली असतात. एके दिवशी पत्नीच्या हातून लिंबू निसटून फळ्यांच्या फटीतून खाली पडते. ती आपला हात खाली घालते. तो लांब होत होत जमिनीपर्यंत पोचतो आणि लिंबू उचलतो! किंकाळी नाही, अक्राळविक्राळ रूप नाही; केवळ रोजचे स्वयंपाकघर आणि एक लिंबू. परिचित वस्तूंत अपरिचित असे काही क्षणभर डोकावले, म्हणूनच प्रेक्षक दचकतो. तरीही त्या पत्नीविषयी त्याला कणव वाटते, कारण ती घराच्या मायेनेच तेथे थांबलेली असते.

'महल'च्या शेवटी काय उघड होते? वाड्यात फिरणारी कामिनी भूत नसून माळ्याची मुलगी असते. परंतु तोपर्यंत खोट्या कहाणीच्या नादी लागलेल्या त्या तरुणाने आपल्या निरपराध पत्नीच्या आयुष्याची धूळधाण केलेली असते. चित्रपटातील भूत खोटे ठरले, तरी त्यावरील विश्वासाने केलेली हानी भरून येत नाही.

प्रत्यक्ष जीवनातही हेच घडते. एखाद्या आजारी स्त्रीला भुताने झपाटले, अशी कुणकुण उठते. मग भूत उतरविण्याच्या नावाखाली तिला बांधतात, मारतात, मिरचीची धुरी देतात. जिला वैद्याची गरज असते, तिच्या वाट्याला यातना येतात. अशी कृत्ये महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरली आहेत.

चित्रपटगृहातील भय काही घटकांचे असते. खेळ संपताच दिवे लागतात, आणि मघाशी घाबरलेली माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. त्या भयाचा आनंद अवश्य घ्यावा. तो दिग्दर्शकाच्या, छायाचित्रकाराच्या आणि गायिकेच्या कौशल्याचा गौरवच आहे. परंतु चित्रपटगृहाबाहेर कोणी आपणहून दिवे लावीत नाही. ओसाड घरातून आवाज आला, तर हाती कंदील घेऊन, वडीलधाऱ्यांना सोबत नेऊन, तो कशाचा आहे हे पाहावे लागते. बहुधा तेथे तापून निवणारा पत्रा सापडतो, आणि आपल्याच पिलांची राखण करणारे एक बिचारे घुबड.