प्रीमियम इकॉनॉमी : खुर्ची मोठी, पण खुर्चीच

आरे, वारे, नेवरे, मालगुंड या पट्ट्यातून मुलाकडे लंडनला किंवा मुलीकडे न्यू जर्सीला जाणारे आईवडील आता नवलाचे राहिलेले नाहीत. तिकीट बहुधा तिकडची मुलंच काढतात आणि फोनवर सांगतात, “बाबा, यंदा प्रीमियम इकॉनॉमी केलंय, आरामात या.” या एका वाक्यावर घरात बऱ्याच अपेक्षा उभ्या राहतात. त्यांतल्या काही विमानात बसल्यावर मोडतात, म्हणून त्या आधीच तपासलेल्या बऱ्या.

सगळ्यांत मोठा गैरसमज झोपेचा. ‘यात आडवं होता येतं’ असं अनेकांना वाटतं. आडवं होता येतं ते बिझनेस क्लासमध्ये. कोकण रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर प्रीमियम इकॉनॉमी ही चेअर कार आहे, बर्थ नव्हे. साध्या इकॉनॉमीत पुढच्या आसनापासून आपल्या आसनापर्यंतचं अंतर ३१-३२ इंच असतं, इथे साधारण ३८ ते ४०. खुर्ची इंच-दीड इंच जास्त रुंद असते, पाठ आणखी मागे जाते, पायाला किंवा पोटरीला बऱ्याचदा टेकू मिळतो. हातांचे दांडे मात्र अनेक विमानांत पक्के असतात, वर उचलता येत नाहीत. इकॉनॉमीत नशिबाने शेजारच्या दोन जागा रिकाम्या मिळाल्या तर माणूस दांडे उचलून अंग टाकू शकतो. इथे शेजार रिकामा असला तरी ते जमत नाही.

खरा फायदा आहे तो जागांच्या रचनेत. एअर इंडियाच्या ए३५० विमानात प्रीमियम इकॉनॉमीच्या फक्त २४ जागा आहेत आणि त्या दोन-चार-दोन अशा मांडलेल्या आहेत. एमिरेट्सच्या दुमजली ए३८० मध्येही हीच मांडणी. कडेच्या दोन जागा मिळाल्या की नवरा-बायकोच्या मध्ये किंवा शेजारी तिसरं कुणी येत नाही. रात्री तीनदा उठावं लागणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला अनोळखी प्रवाशाला उठवण्याचा संकोच होतो आणि त्यापायी तो पाणीच पीत नाही. तो संकोच इथे संपतो. माझ्या मते जास्तीचे पैसे मोजायचे तर याच एका कारणासाठी. जागा मात्र तिकीट काढतानाच निवडून घ्या.

दुसरा गैरसमज तब्येतीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याला पूर्वी ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हणत. त्यामुळे महागडं तिकीट घेतलं की तो धोका टळला, असं लोक धरून चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेला निष्कर्ष वेगळा आहे. चार तासांहून जास्त वेळ न हलता बसल्याने हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते बसणं विमानातलं असो, रेल्वेतलं, बसमधलं की मोटारीतलं. निरोगी माणसात तो तरीही कमीच, सुमारे सहा हजारांत एक. पण आपल्या भागातल्या प्रवाशाचं बसणं विमानात सुरू होत नाही, ते हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो तिथेच सुरू होतं. सात-आठ तास गाडीत, मग विमानतळावर, मग न्यूयॉर्कचं थेट विमान असेल तर आणखी पंधरा-सोळा तास. म्हणून वाटेत गाडी थांबवून चाला, विमानात दर तास-दीड तासाने उठा, बसल्या जागी घोटे फिरवा. आधी गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणं टाळू नका. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये खिडकीच्या जागेलाही धोक्याच्या यादीत धरलं, कारण तिथला माणूस कमी उठतो. हवेचाही तिकिटाच्या वर्गाशी संबंध नाही. केबिनमधला कोरडेपणा आणि विरळ हवा सगळ्या वर्गांना सारखीच.

लाउंज बहुतेक कंपन्या या तिकिटावर देत नाहीत. जेवण बरं असतं, विमानात चढायला रांग वेगळी असते. स्वच्छतागृह सगळीकडे वेगळं नसतं. व्हीलचेअरचा तिकिटाच्या वर्गाशी संबंध नाही, ती आधी कळवून मागायची. जैन किंवा मधुमेहींचं जेवणही तसंच.

फसगत होते ती नावांत. युनायटेडचं ‘इकॉनॉमी प्लस’ म्हणजे पायाला जागा जास्त असलेली साधी इकॉनॉमीच. त्यांचा खरा वेगळा वर्ग ‘प्रीमियम प्लस’. कतार एअरवेजकडे हा वर्गच नाही. विमान बदलून जायचं असेल तर प्रत्येक टप्प्यावर कोणता वर्ग लिहिला आहे ते मुलांना वाचून दाखवायला सांगा, कारण पुढच्या छोट्या विमानात तो नसूही शकतो. पैसे एकाच टप्प्यापुरते असतील तर ते सर्वांत लांब टप्प्याला लावावेत, तेही रात्रीच्या.

सामानाचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं, तेवढंच खरं. हापूसच्या बाबतीत तर कोणताच वर्ग उपयोगी नाही. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातो तो विकिरण प्रक्रिया करून, व्यापारी मालातून. बॅगेतून नेलेली ताजी फळं तिथे विमानतळावरच काढून घेतली जातात.