खोडलेला क्रमांक परत का उगवतो?

मोबाइलमधून काढून टाकलेला क्रमांक लिनक्स संगणकाशी जोडणी होताच पुन्हा यादीत हजर होणे, एकाच व्यक्तीच्या दोन-तीन नोंदी तयार होणे, संगणकावर दुरुस्त केलेल्या पत्त्यावर फोनमधला जुनाच पत्ता येऊन बसणे, या तक्रारी संपर्कयादी सिंक करू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतात. सिंक करणे म्हणजे दोन किंवा अधिक उपकरणांवरील याद्या एकसारख्या करणे आणि कोठेही बदल झाला तरी त्या तशाच राहतील याची व्यवस्था लावणे. लिनक्सच्या बाबतीत या तक्रारींचे खापर बहुधा त्या कार्यप्रणालीवर फोडले जाते आणि महागड्या उपकरणांच्या जाहिरातींत तर सारे काही आपोआप घडते असे चित्र उभे केले जाते. परंतु अडचणीचे मूळ कोणत्याही एका कार्यप्रणालीत नसून प्रश्नाच्या स्वरूपातच आहे, आणि ते स्वरूप स्मार्टफोन जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, १९७५ च्या जानेवारीत, दोन संशोधकांनी नेमके ओळखले होते.

समजा, एक नाव फोनमध्ये आहे आणि संगणकावर नाही. ते फोनमध्ये नव्याने घातले गेले असेल, तर संगणकावर उतरवले पाहिजे. ते संगणकावरून मुद्दाम काढले गेले असेल, तर फोनमधूनही गेले पाहिजे. दोन्ही शक्यतांमध्ये समोर दिसणारी स्थिती अगदी एकच असते, त्यामुळे केवळ दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून कितीही हुशार प्रोग्रॅमला योग्य उत्तर देता येणार नाही. त्यासाठी मागे काय घडले याची आठवण कोठेतरी जपलेली असावी लागते. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत फिटलेली रक्कम आडवी रेघ मारून खोडली जाते, पान फाडले जात नाही, कारण रेघेखालची नोंद वाचता येते आणि ‘हे होते, आता मिटले’ ही गोष्ट दुसऱ्या वहीशी ताडून पाहताना कामी येते. पान फाडले, तर दुसऱ्या वहीतली तीच नोंद नवी मानून पुन्हा चढवली जाण्याचा धोका राहतो. साध्या पद्धतीने सिंक करणारे बहुतेक प्रोग्रॅम पान फाडतात, आणि खोडलेला क्रमांक परत उगवतो तो यामुळे.

अमेरिकेतील ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या संस्थेतील पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस यांच्यापुढे हाच प्रश्न अर्पानेटच्या, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्याच्या, संदर्भात उभा होता. एकच माहितीसंग्रह अनेक संगणकांवर ठेवायचा, प्रत्येक ठिकाणी बदल करण्याची मुभा द्यायची, मधली जोडणी केव्हाही तुटेल हे गृहीत धरायचे, आणि तरीही सर्व प्रती अखेर एकसारख्या व्हाव्यात, अशी त्यांची अट होती. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टिपणमालेतील ६७७ व्या टिपणात त्यांनी सुचवले, की प्रत्येक नोंदीसोबत पाच गोष्टी ठेवाव्यात: नोंदीची ओळख, तिचे मूल्य, ती खोडली आहे की नाही हे सांगणारी खूण, ती प्रथम केव्हा तयार झाली ती वेळ, आणि शेवटचा बदल केव्हा व कोणत्या ठिकाणी झाला याचा शिक्का. खोडलेली नोंद लगेच नष्ट करायची नाही. तिच्यावर खूण करून ती जपायची, आणि ही खबर सर्व संगणकांपर्यंत पोहोचल्याची खात्री झाली की मगच ती काढून टाकायची. आज ज्याला संगणकशास्त्रात ‘टूम्बस्टोन’, म्हणजे थडग्यावरची शिळा, म्हणतात, ती कल्पना या मोजक्या पानांत पूर्णपणे मांडलेली आहे. थॉमस यांचे नाव निघते ते मात्र १९७१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘क्रीपर’ या एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रोग्रॅममुळे, ज्याला संगणकीय विषाणूंचा पूर्वज मानले जाते. जॉन्सन यांचे नाव तर क्वचितच घेतले जाते. रोज कोट्यवधी फोन ज्या कल्पनेवर विसंबून आहेत तिच्या कर्त्यांची ही उपेक्षा अन्यायाची आहे.

या टिपणाचे मोल ओळखले ते लेस्ली लॅम्पोर्ट यांनी. वितरित प्रणालींमधील, म्हणजे एकमेकांपासून दूर राहून निरोपांवर चालणाऱ्या संगणकांमधील, काळ आणि घटनाक्रम यांविषयीचा १९७८ चा त्यांचा निबंध संगणकशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखनात मोडतो, आणि त्याची प्रेरणा जॉन्सन-थॉमस यांच्या टिपणातून मिळाली हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. विशेष सापेक्षतावादाशी परिचय असल्यामुळे त्या टिपणातील एक फट त्यांच्या लक्षात आली: दोन ठिकाणची घड्याळे वेगळी चालत असतील, तर कारण नंतरचे आणि परिणाम आधीचा ठरू शकतो.

ही फट आजच्या भारतीय घरातील संगणकावर सहज दाखवता येते. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्याच्या मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचते, आणि भारतात हा फरक साडेपाच तासांचा पडतो. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होण्याआधी सकाळी दहा वाजता लिनक्सवर एखादा क्रमांक बदलला, तर त्या बदलावर दुपारी साडेतीनचा शिक्का बसतो. तो बदल फोनवर पोहोचल्यावर त्यातली चूक पाहून अकरा वाजता फोनमध्ये दुरुस्ती केली, तर ‘जो बदल नंतरचा तो खरा’ या नियमाने दुरुस्ती हरते आणि चूक जिंकते. लॅम्पोर्ट यांचा उपाय विलक्षण साधा आहे. भिंतीवरच्या वेळेऐवजी प्रत्येक संगणकाने स्वतःचा चढता आकडा ठेवायचा आणि दुसऱ्याचा निरोप येताच आपला आकडा त्या निरोपातील आकड्याच्या पुढे न्यायचा, म्हणजे एखादा बदल पाहून केलेला बदल त्याच्या मागे कधीच पडत नाही.

तत्त्व असे हाती असताना फोन आणि लिनक्स यांच्या दरम्यानचा व्यवहार मात्र दीर्घकाळ अडखळत राहिला. पहिली गरज दोघांना समजेल अशा समाईक लिपीची, म्हणजे नोंद लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीची होती. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या संघाने १९९५ मध्ये व्हीकार्ड ही पद्धत मांडली, तिची २.१ आवृत्ती १९९६ मध्ये, ३.० आवृत्ती १९९८ मध्ये आणि ४.० आवृत्ती २०११ मध्ये आली. व्हीकार्ड ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत नाव, दूरध्वनी, पत्ता असा एकेक तपशील असतो, आणि नावाच्या ओळीत आडनाव, नाव, मधले नाव, पुढची उपाधी, मागची उपाधी असे पाच कप्पे असतात. व्यक्तीचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी रीत या कप्प्यांत चपखल बसते, पण फोनमध्ये नावे नेहमी अशी लिहिली जात नाहीत. ‘शेजारच्या काकू’ अशी नोंद केली, तर अँड्रॉइड शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि आडनावानुसार लावलेल्या संगणकावरच्या यादीत काकू ‘क’ खाली जाऊन बसतात.

देवनागरी नावांची कहाणी याहून कठीण आहे. आजही अनेक अँड्रॉइड फोन संपर्क फाइलीत उतरवताना जुनी २.१ आवृत्तीच वापरतात आणि रोमन नसलेली अक्षरे जुन्या ईमेलच्या काळातील एका सांकेतिक पद्धतीने लिहितात. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि या पद्धतीत प्रत्येक बाइट बरोबरचे चिन्ह व दोन अंकाक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणून ‘आई’ हा दोन अक्षरांचा शब्द फाइलीत अठरा खुणांचा होतो. ‘ज्ञानेश्वर’ या नावात स्वरचिन्हे आणि हलन्त धरून दहा युनिकोड चिन्हे आहेत, म्हणजे नव्वद खुणा झाल्या, आणि एका ओळीची मर्यादा ७६ असल्यामुळे नाव मध्येच तोडून पुढच्या ओळीवर न्यावे लागते. ही तोड ज्या प्रोग्रॅमला सांधता येत नाही, तेथे नाव अर्धवट राहते किंवा नावाच्या जागी निरर्थक अंकाक्षरांची रांग दिसते. ४.० आवृत्तीने यूटीएफ-८ सक्तीचे करून ही कटकट मुळातूनच मिटवली आहे, त्यामुळे फोन बनवणाऱ्यांनी २.१ ला अजून चिकटून राहण्याचे समर्थन करता येत नाही.

लिनक्सच्या बाजूने प्रयत्न कमी झाले नाहीत. पाम कंपनीच्या हातसंगणकांसाठी ‘पायलट-लिंक’, नोकियाच्या फोनसाठी ‘नोकी’ आणि त्यातून निघालेले ‘गामू’ ही साधने स्वयंसेवकांनी उभी केली, आणि त्यांतील बराच भाग उपकरणांची न सांगितलेली भाषा चिकाटीने उलगडून तयार झाला. २००० साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम प्रभृतींनी ‘सिंकएमएल’ हे समाईक मानक आणले; पॅट्रिक ओली यांच्या ‘सिंकइव्होल्यूशन’ने ते लिनक्सच्या इव्होल्यूशन या पत्ते-टपाल प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवले. तरीही उपकरण थेट उपकरणाशी जोडण्याच्या या पद्धतीत प्रत्येक नव्या फोनबरोबर काहीतरी मोडत असे.

खरी सुटका झाली ती २०११ च्या ऑगस्टमध्ये, सायरस दाबू यांनी लिहिलेल्या ‘कार्डडॅव्ह’ या खुल्या मानकाने. येथे फोन आणि संगणक परस्परांशी बोलतच नाहीत. दोघेही एका सर्व्हरशी बोलतात, आणि त्या सर्व्हरवर प्रत्येक संपर्क वेगळ्या पत्त्यावरची स्वतंत्र व्हीकार्ड असतो. प्रत्येक नोंदीला कायमचा ओळखक्रमांक असणे येथे बंधनकारक आहे, आणि ते अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण एकच मोबाइल क्रमांक कोणी आधी शून्य लावून, कोणी अधिक एक्क्याण्णव लावून, तर कोणी नुसताच लिहितो, त्यामुळे क्रमांकावरून नोंदीची ओळख पटवणे भरवशाचे नाही. शिवाय नोंद बदलली की सर्व्हर तिला नवी खूण देतो. बदल पाठवणाऱ्या उपकरणाने आपल्याजवळची खूण सोबत द्यायची; दरम्यान दुसऱ्या कोणी बदल केला असेल, तर खुणा जुळत नाहीत आणि सर्व्हर ४१२ हा नकाराचा सांकेतिक क्रमांक परत पाठवतो. घड्याळाची गरज उरतच नाही.

खोडण्याचा प्रश्न २०१२ च्या मार्चमधील पुरवणी मानकाने सोडवला. उपकरण मागच्या भेटीत मिळालेले टोकन दाखवते आणि सर्व्हर त्यानंतर काय बदलले आणि काय खोडले गेले एवढेच सांगतो. हीच जॉन्सन-थॉमस यांची खोडल्याची खूण, सदतीस वर्षांनी घरोघरी पोहोचलेली. त्यांची एक अट मात्र येथे सैल करावी लागली: विकलेला किंवा हरवलेला फोन परत कधीच येणार नसतो, म्हणून सर्वांना खबर मिळेपर्यंत थांबणे शक्य नसते, आणि फार जुने टोकन घेऊन आलेल्या उपकरणाला सर्व्हर नकार देऊन सगळी यादी नव्याने ताडायला लावतो.

लिनक्सच्या वापरकर्त्याने आज करायचे ते असे. फ्रान्समधील कोझिया या संस्थेत सुरू झालेला ‘रॅडिकेल’ हा मुक्त सर्व्हर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालतो आणि संपर्क साध्या फाइलींत ठेवतो. अधिक सोयी हव्या असतील, तर ‘नेक्स्टक्लाउड’ आहे. आयफोनला कार्डडॅव्ह मुळातच समजते, अँड्रॉइडसाठी ‘डॅव्हएक्स५’ हे ॲप घ्यावे लागते. संगणकावर इव्होल्यूशन आणि केडीईचे पत्तापुस्तक ही भाषा बोलतात, थंडरबर्डनेही २०२१ पासून तिला आधार दिला आहे. ‘व्हीडीरसिंकर’ या छोट्या प्रोग्रॅमची शिस्त मुद्दाम पाहण्यासारखी आहे: दोन्ही बाजूंची मागच्या वेळची स्थिती तो स्वतंत्र नोंदवून ठेवतो, एकाच संपर्कात दोन्हीकडे बदल झालेला दिसला तर स्वतःच्या मनाने निवाडा न करता थांबून वापरकर्त्याला तसे कळवतो, आणि एक बाजू अचानक पूर्ण रिकामी आढळली तर दुसरी बाजू पुसण्यास स्पष्ट आज्ञा मिळेपर्यंत नकार देतो. कोणत्याही सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमची योग्यता याच कसोटीवर ठरवावी.

संपर्कयादीतील क्रमांक यादीच्या मालकाचे नसून इतरांचे असतात, म्हणून ती कोणाच्या सर्व्हरवर ठेवायची याचा निर्णय विचारपूर्वक घ्यायला हवा, आणि शक्य असेल तेथे स्वतःचा सर्व्हर हाच पर्याय श्रेष्ठ आहे. पहिल्यांदा सिंक करण्यापूर्वी वाचकांनी फोनमधील सर्व संपर्क एका व्हीकार्ड फाइलीत उतरवून घ्यावेत, त्या फाइलीतील दोन-चार देवनागरी नावे संगणकावर नीट वाचता येतात याची खात्री करून घ्यावी, आणि ती फाइल केवळ सुरक्षित प्रत म्हणून बाजूला ठेवावी. तीच फाइल पुन्हा पुन्हा आत घेऊन सिंक करण्याचा प्रयत्न करू नये, कारण अनेक फोन त्या फाइलीत ओळखक्रमांक लिहीत नाहीत आणि प्रत्येक खेपेला नोंदी दुप्पट होतात.