वेशीचा धनी आणि पेठेचा न्याय

ज्या पेठेत आपल्या वाडवडिलांनी व्यवहार केला, त्या पेठेला वेस असे. परंतु ती वेस कोणा एका दुकानदाराच्या मालकीची नसे. आज पेठेचा मोठा भाग हातातल्या मोबाईल संचात जाऊन बसला आहे, आणि तेथील वेस मात्र मुख्यत्वे दोन परदेशी कंपन्यांच्या ताब्यात आहे. या वेशीलाच 'ॲप स्टोअर' म्हणतात. तिच्या मालकीवरून जगभर चाललेला वाद वकिलांचा आणि तंत्रज्ञांचा आहे, आपणांस त्याचे काय, असे आमच्या पुष्कळ सभासदांस वाटते. तो वाद वस्तुतः आपलाच, म्हणजे व्यापाराचा, आहे हे दाखविण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. भारतातील शंभर मोबाईल संचांपैकी नव्वदांहून अधिक गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात आणि त्यांवर येणारी ॲप बहुतांशी 'प्ले स्टोअर' मधून येतात. उरलेले बहुतेक संच ॲपल कंपनीचे असून त्यांची वेस निराळी आहे. कोणते ॲप आत घ्यावे, कोणते काढावे, शोध घेतल्यावर कोणते आधी दिसावे, हे वेशीचा धनी ठरवितो. ॲपच्या आत विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंवर, म्हणजे वर्गणी, शिकवणीचे पाठ, खेळ इत्यादींवर, सामान्यतः शेकडा १५ ते ३० असा आकार तो घेत आला आहे. कापड, किराणा अशा प्रत्यक्ष मालाच्या विक्रीवर हा आकार नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

मग तक्रार कशाची? अडत घेणे हा काही गुन्हा नव्हे. जो जागा देतो, पहारा ठेवतो, गिऱ्हाईक आणून देतो, त्याने मोबदला घ्यावा हे रास्तच आहे. परंतु अडत्या, तोलार आणि शेजारचा दुकानदार हे तिन्ही एकच असले, तर पेठेची काय अवस्था होईल? अडत देऊ नको म्हणण्याचीही सोय नाही आणि दुसऱ्या पेठेत जावे तर दुसरी पेठ नाही, अशी ती स्थिती होय.

आपल्या देशात भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रश्नाचा निवाडा केला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १३३७.७६ कोटी रुपये आणि २५ ऑक्टोबर रोजी प्ले स्टोअरच्या देयकपद्धतीबाबत ९३६.४४ कोटी रुपये दंड करण्यात आला. इतरांनी आपल्याच पद्धतीने पैसे घ्यावेत असा आग्रह धरणारी कंपनी स्वतःच्या यूट्यूबला मात्र तो नियम लावीत नाही, असेही आयोगाने नमूद केले. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये पहिला दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. मार्च २०२५ मध्ये दुसरा दंड २१६.६९ कोटींवर आणला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

वेशीच्या धन्याची सत्ता किती, हे १ मार्च २०२४ रोजी सर्वांच्या दृष्टीस पडले. आकार भरला नाही म्हणून गूगलने भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम यांसारखी प्रसिद्ध भारतीय ॲप प्ले स्टोअरमधून काढून टाकली. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ती परत आली. सेवा घेऊन मोबदला चुकविणे योग्य नव्हे, हे गूगलचे म्हणणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि ज्यांच्या नावाचा देशभर बोलबाला, त्यांची दुकाने एका दिवसात बंद होऊ शकतात, तर लहान व्यापाऱ्याने कोणाकडे दाद मागावी?

वादाचे दुसरे अंग खासगीपणाचे. धनी केवळ वेस सांभाळीत नाही; कोण आला, काय पाहिले, कोठे थांबला, याची नोंदही तो ठेवू शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलून, त्या मान्य करा किंवा सेवा सोडा, असा पर्याय ठेवला, तेव्हा स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिच्या मालक मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपये दंड केला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र उठविली. जेथे दुसरा पर्याय नाही, तेथे घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे या प्रकरणाचे मर्म होय.

आता धन्याची बाजूही ऐकली पाहिजे. वेस खुली केली तर चोर शिरतील, असे तो म्हणतो, आणि यात तथ्य आहे. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने आलेली फाईल उघडताच बँकेतील पैसे गेल्याचे प्रकार आपल्याकडे सर्वश्रुत आहेत. ती ॲप वेस चुकवूनच येतात. यास्तव पहारा हवाच. परंतु पहाऱ्याच्या निमित्ताने पहारेकऱ्याने स्वतःचे दुकान पुढे मांडावे, हे मान्य करता येणार नाही. युरोपीय संघाने यासाठी निराळा कायदा केला व मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर त्याची बंधने लागू झाली. सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढीच अट घाला, अधिक नको, असा त्याचा रोख आहे.

येथवर वाचून आमचे सभासद मान डोलावतील. पण हाच न्याय आपल्या दारीही लावून पाहू. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. माल ज्याचा, त्यालाच भाव कळत नसे. आपला भाग मुंबई प्रांतात असताना १९३९ चा बाजार कायदा आला आणि उघडा लिलाव, प्रमाणित वजन, ठरलेली अडत ही तत्त्वे त्याने घातली. तेव्हा पुष्कळ व्यापाऱ्यांना ती जाचक वाटली. पुढे १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, आपल्याच तालुक्यातील निपाणी येथे, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठिय्या दिला. आपल्या घामाच्या मालाचा भाव दुसराच कोणी ठरवितो, हे त्यांचे दुःख होते. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला व शेतकरी प्राणास मुकले. त्या काळी वेशीचे धनी कोण होते, हे आम्ही येथे स्पष्ट लिहिण्याची आवश्यकता नाही. आज जी तक्रार आपण गूगलविरुद्ध करतो, तीच काल आपल्याविरुद्ध होती, याचे स्मरण ठेवूनच ती करावी.

तद्वत् खासगीपणाचेही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने पाळण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. केवळ कागदावरील वही त्यात येत नाही, परंतु संगणकात किंवा मोबाईलमध्ये भरलेली ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, उधारी ही सर्व येतात. कशासाठी माहिती घेतो ते सांगावे, संमती घ्यावी, काम संपल्यावर ती पुसावी, आणि ती सुरक्षित ठेवावी. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सबब ग्राहकांची यादी जाहिरातदाराच्या हाती देणे आता केवळ अशिष्टपणा राहिलेला नाही.

आपणांस हे नवीन वाटू नये. श्वेतांबर व दिगंबर या उभय परंपरांस मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत दुसऱ्याचे गुपित उघड करणे म्हणजे 'रहोभ्याख्यान' आणि विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे म्हणजे 'न्यासापहार' ही दोन्ही आहेत. ग्राहकाचा क्रमांक ही त्याची ठेवच होय. अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाची गणना आहे. आपलाच माल आधी दाखविणारी यादी हे त्या मापाचेच नवे रूप समजावे.

सरकारने मोठ्या धन्यांना नियमात बांधावे, ही मागणी आपल्या संघटनांनी निःसंकोचपणे करावी. मात्र ती करताना आपला तराजू आणि आपली वही कोणालाही दाखविता येईल अशी असावी. न्याय मागणाऱ्याच्या दुकानातही न्याय दिसला, तरच त्या मागणीला वजन येते.