प्रकाशबंदुकीचे खेळ

दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर हलणाऱ्या लक्ष्यावर बंदुकीच्या आकाराच्या उपकरणाने नेम धरून खेळावयाचे इलेक्ट्रॉनीय खेळ. जत्रेत फळीवर लावलेले फुगे छऱ्याच्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाशी त्यांचे नाते उघड आहे. करमणूक केंद्रांतील नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवरून ते घरात आले. नाव प्रकाशबंदूक असले, तरी घरगुती बंदुकीतून प्रकाश बाहेर पडत नाही. ती पडद्यावरील प्रकाश टिपते. हे ध्यानात घेतल्याशिवाय या खेळांची पुढे जी अवस्था झाली, तिचा उलगडा होत नाही.

अमेरिकेतील सीबर्ग कंपनीच्या १९३६ मधील ‘रे-ओ-लाइट’ या यंत्रात व्यवस्था नेमकी उलटी होती : बंदूक प्रकाशझोत टाकी व बदकाच्या अंगी बसविलेली प्रकाशविद्युत् नलिका तो ओळखी. पडद्यावरील चित्रात असा ‘डोळा’ बसविणे अशक्य असल्याने तो बंदुकीच्या नळीत गेला. मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी’ (१९७२) या पहिल्या घरगुती संचासाठी अशी रायफल मिळत असे. तथापि लक्ष्य व घरातील दिवा यांतील भेद तिला कळत नसे.

हा दोष निंटेंडो कंपनीच्या ‘डक हंट’ (१९८४) या खेळात चतुराईने दूर केलेला आढळतो. चाप ओढताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो व लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी काळोख व मग उजेड दिसला, तरच नेम लागला असे ठरते. दिव्याकडे रोखलेल्या बंदुकीला पहिल्या क्षणीही उजेडच दिसतो आणि लबाडी फसते. दोन बदके असल्यास चौकोन एकापाठोपाठ एक उमटतात. उजेड कोणत्या चित्रचौकटीत दिसला, यावरून कोणते बदक पडले ते कळते. भारतातील दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला ५० वेळा पडदा रेखाटला जात असल्याने हा सारा व्यवहार डोळ्यांना केवळ एका लुकलुकीसारखा भासतो. नेम चुकल्यावर गवतातून डोके काढून हसणारा कुत्रा मात्र खेळणाऱ्यांच्या कायमचा लक्षात राहिला.

निंटेंडोच्या संचाच्या स्वस्त नकला भारतात मीडिया, लिटल मास्टर इ. नावांनी विकल्या गेल्या. १९९० च्या दशकात वर्धा, हिंगणघाट यांसारख्या गावांतील घरांतही ‘व्हिडिओ गेम’ पोहोचला. खेळाच्या पेटीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसे. बंदुकीला रंग नव्हे, तर तेज कळते. त्यामुळे कृष्णधवल संचावरही ती चाले, फक्त ब्राइटनेस वाढवावा लागे. नळी थेट काचेला टेकवून बदके टिपण्याची युक्ती सार्वत्रिक होती. खेळाने पिक्चर ट्यूब खराब होते, ही वडीलधाऱ्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती : एकच स्थिर चित्र फार काळ राहिल्यास नलिकेवर डाग पडू शकतो. सतत हलणाऱ्या बदकांच्या बाबतीत ती भीती विशेष नाही.

या बंदुकीची सारी भिस्त ऋण किरण नलिकेवर होती. नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका पडदा ओळी-ओळीने उजळते, सेकंदाला सुमारे १५,६२५ ओळी. बंदुकीतील मंडल याच कंप्रतेच्या आसपासची लुकलुक ग्रहण करून इतर प्रकाश वगळते. द्रव-स्फटिकी (एलसीडी) पडद्यामागील उजेडात अशी लुकलुक नसते. शिवाय चित्रावर अंकीय प्रक्रिया होण्यात वेळ जातो आणि पांढरा चौकोन उमटेपर्यंत बंदुकीने पाहण्याचा क्षण टळून गेलेला असतो. २०१० च्या दशकात नलिकेचे संच भंगारात गेले, तेव्हा घरोघरच्या चांगल्या बंदुकाही निकामी ठरल्या. त्या बिघडल्या असे समजून अनेकांनी टाकून दिल्या. जुना संच जोडल्यास त्यांतील पुष्कळ आजही चालतील.

नव्या पडद्यांसाठी निराळे उपाय योजण्यात आले आहेत. निंटेंडोच्या ‘वी’ (२००६) या संचात पडद्याजवळ ठेवलेले अवरक्त दिवे हातातील उपकरण पाहते. अन्य काही बंदुकांत कॅमेरा असून चित्राभोवती आखलेल्या पांढऱ्या चौकटीवरून तो नेमाची दिशा काढतो.