फेसाची वही

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला तेव्हा मी दवाखाना आटोपून नुकताच घरी परतलो होतो. "या वेळी मधुमेह नको, रक्तदाब नको आणि डॉक्टर-रुग्ण संबंधांची घसरण तर मुळीच नको. एखाद्या छंदावर लिहा," अशी त्यांची प्रेमळ आज्ञा. पांढुर्णा-सौंसर परिसरातील आपल्या वैद्यकबंधूंचे छंद सर्वांना ठाऊक आहेत. कोणी संत्र्याची बाग राखून आहे, कोणी नाट्यसंगीतात रमतो, कोणी जामसावळीच्या हनुमंताचा शनिवार चुकवीत नाही. माझ्या छंदाचा मात्र या गावात कधी उच्चार झालेला नाही. माझा छंद बीअर चाखण्याचा आहे. 'चाखण्याचा' हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. 'पिण्याचा' असे म्हटलेले नाही. या दोहोंतील अंतर मला समजले त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. ती हकीकत सांगायची असल्यामुळेच संकोच सोडून लिहीत आहे.

पहिली ओळख १९७९ सालची. मी नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेत होतो आणि परीक्षेचा निकाल लागला होता. सीताबर्डीवरील एका अंधाऱ्या उपाहारगृहात चौघांत मिळून एक 'गोल्डन ईगल' मागविण्यात आली. त्या काळी मोहन मीकिन कंपनीची ही बीअर म्हणजे प्रतिष्ठेची परमावधी. पहिल्या घोटाला मला कडुनिंबाच्या काढ्याची आठवण झाली. आमच्यातील एका जाणत्याने बाटली पाण्याच्या पेल्यात पालथी धरून ग्लिसरीन 'काढण्याचा' विधीही यथासांग पार पाडला. त्या पिढीतील बहुतेकांनी हा विधी पाहिला असेल. वस्तुतः बाटलीतून खाली उतरणारी ती दाट धार बीअरचीच असते. उरलेल्या शर्करेमुळे बीअर पाण्याहून किंचित जड असते, इतकेच. राहिले ग्लिसरीन, तर आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट ते अल्प प्रमाणात स्वतःच निर्माण करते. परंतु एवढे रसायनशास्त्र त्या संध्याकाळी कोणाला सुचणार?

खोलीवर आल्यावर मी औषधशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहिले, "कडू. मागून गोड. पुन्हा घेऊन पाहावी." ही माझ्या वहीची सुरुवात. पुढे तिच्यात 'किंगफिशर' आली, 'कल्याणी ब्लॅक लेबल' आली, मुंबईकडच्या मित्राने आणलेली 'लंडन पिल्सनर' आली. नोंदी वाचल्या तर आज हसू येते, कारण त्या सर्व लागर जातीच्या बीअरी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होत्या. थंड तापमानात तळाशी आंबवायची, काही आठवडे थंडच ठेवायची आणि जीभ बधिर होईपर्यंत गार करून द्यायची, असा सर्वांचा एकच संप्रदाय. मला जाणवलेला फरक बहुधा बाटलीच्या वयाचा असे. हॉप या वेलीच्या फुलोऱ्यामुळे बीअरला कडवटपणा येतो. त्या कडू द्रव्यांना ऊन लागले की त्यांच्यापासून एक गंधकयुक्त संयुग तयार होते व बाटलीला उग्र दुर्गंधी येते. बाटल्या तपकिरी काचेच्या असतात त्या यासाठी. आपल्याकडील वैशाखात दुकानाच्या दर्शनी फळीवर तापत पडलेली बाटली तपकिरी असूनही वाचत नसे.

१९८५ साली पांढुर्ण्याला दवाखाना थाटला आणि वहीचे कामकाज नागपूरच्या फेऱ्यांपुरते उरले. गावात एक थेंब घ्यायचा नाही, हा नियम मी पहिल्याच महिन्यात केला. त्यात नीतीपेक्षा धूर्तपणा अधिक होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत फुटलेली डोकी शिवताना टाक्यागणिक ज्या श्वासांचा वास येतो, तोच वास डॉक्टरच्या तोंडाला येऊन कसे चालेल?

घेणे कमी झाले तसे वाचणे वाढले. आपल्या व्यवसायावर बीअरचे केवढे ऋण आहे ते तेव्हा कळले. पाश्चरने १८७६ साली बीअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बीअर नासते ती परक्या सूक्ष्मजंतूंमुळे, हे त्याने दाखविले आणि जंतूंमुळे माणूसही 'नासू' शकतो या विचाराला त्यातून बळ मिळाले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले आणि त्या कंपनीने ते प्रतिस्पर्ध्यांनाही देऊन टाकले. त्याच प्रयोगशाळेत सोरेनसेनने १९०९ साली पीएच मोजपट्टी मांडली. आपण रक्तवायूंचा अहवाल वाचताना पहिली नजर जिच्यावर टाकतो ती हीच. आणि पदव्युत्तर प्रबंधात ज्या टी-टेस्टने आपल्या सर्वांना छळले, ती १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध करणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला होता. मोजक्या नमुन्यांवरून जव आणि हॉप यांची प्रत ठरवायची, ही त्याची नित्याची अडचण. हे सारे मी मित्रमंडळींत रंगवून सांगत असे. त्या रंगण्याची सवय दवाखान्यातही शिरली असावी.

१९९१ चा उन्हाळा. जवळच्या खेड्यातील एक संत्रा बागाईतदार कमरेतून जांघेकडे उतरणाऱ्या कळांनी तळमळत आला. मूत्रवाहिनीत बारीक खडा होता. आपल्या भागातील उन्हात मुतखड्याला तोटा नाही. मी इंजेक्शन दिले, भरपूर पाणी व जवाचे पाणी प्यायला सांगितले. कळ थांबल्यावर तोही सैलावला, मीही सैलावलो. "जवाचं पाणी कडू लागलं तर बीअर समजून प्या. ती तरी शेवटी जवाचंच पाणी," असे मी हसत म्हणालो. खडा चार दिवसांत पडला आणि तो पेढे देऊन गेला.

त्यानंतर तो आला तो थेट २००४ साली. डोळे हळदीसारखे, पोट पखालीसारखे तटतटलेले, हातपाय काटक्यांसारखे. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने कानाच्या पाळीला हात लावला. "दारूले हात नाई लावला जी डॉक्टरसाहेब. तुमी सांगतलं तेच घेतो. जवाचं पाणी. दिवसाच्या दोन बाटल्या." त्याची बायको शेजारी उभी होती. तिने मान हलवून दुजोरा दिला. त्या मान हलविण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. डॉक्टरांनी दिलेले औषध नवरा तेरा वर्षे नेमाने घेत आहे, अशी तिची समजूत होती.

मी हिशेब मांडला. ६५० मिलिलीटरच्या ८ टक्के तीव्रतेच्या एका 'स्ट्राँग' बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलीटरच्या पेगात साधारण १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली चार पेगांबरोबर, आणि हा गृहस्थ रोज आठ पेग रिचवीत होता. जो रोज आठ पेग व्हिस्की घेतो त्याला गाव दारुडा म्हणते. याला मात्र गावाने मुतखड्याचा रोगी म्हटले, आणि त्या निदानावर माझी सही होती.

सर्वच दोष माझ्या एका वाक्याचा नव्हे, हे मला कळते. त्याला चव लागली होती, पैसा हाती होता आणि माझे वाक्य हे त्याला मिळालेले सोयीचे प्रमाणपत्र होते. परंतु प्रमाणपत्र दिले कोणी? दोन वर्षांनी, २००६ साली, रक्ताची उलटी झाली म्हणून त्याला नागपूरला नेत असता सावनेरच्या अलीकडे तो गेला. मी वही माळ्यावर टाकली.

मुतखड्यावर बीअर हा समज आजही आपल्या पंचक्रोशीत ठाण मांडून आहे, म्हणून येथे चार ओळी अधिक लिहितो. बीअरने लघवी वाढते ती मद्यार्क मूत्ररोधक संप्रेरकाला दाबतो म्हणून. पाठोपाठ शरीर कोरडे पडते. काही निरीक्षणात्मक अभ्यासांत बीअर घेणाऱ्यांत खड्यांचे प्रमाण कमी आढळले आहे हे खरे, पण लघवी पातळ राखण्याचे काम साधे पाणी फुकट करते. शिवाय बीअरमध्ये प्युरिन असतात आणि त्यांचे युरिक आम्ल होते. २००४ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत संधिवाताच्या त्या राजेशाही प्रकाराशी, म्हणजे गाऊटशी, सर्वांत घट्ट नाते बीअरचे निघाले, वाइनचे नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेने मद्यार्काची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. छंदाच्या लेखात हे वाक्य लिहिणे सुखाचे नाही, पण ते गाळून पुढे जाण्याचा अधिकार मी १९९१ सालीच गमावला आहे.

वही माळ्यावरून उतरली ती २०११ साली. मुलगी म्युनिकला राहते. तिच्याकडे गेलो असता जावयाने गव्हाची गढूळ बीअर पुढे केली. पाच वर्षांत एक थेंब घेतला नव्हता. एक घोट घेतला आणि थबकलो, कारण तिला चक्क पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा स्वाद होता. केळे नाही, लवंग नाही. दोन्ही स्वाद यीस्टने निर्माण केलेले. १९७९ पासून मी जिला बीअर समजत होतो, ती एका विशाल कुटुंबातील एकच शाखा होती तर! बाम्बर्ग या जुन्या गावी लाकडाच्या धुरावर वाळविलेल्या जवाची बीअर मिळते. तेथील लोक तिची तुलना खारवलेल्या मांसाशी करतात. मला मात्र मार्गशीर्षातील शेत आठवले, गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला हुरडा आणि हाताला लागलेली ती राख. सौ.ने नुसता वास घेतला आणि तीही म्हणाली, "हुरडा!" एवढ्या वर्षांत वहीत तिने घातलेली ही एकमेव भर.

माझ्या मनासारखा रिवाज मात्र कोलोन शहरात सापडला. तेथील बीअर जेमतेम २०० मिलिलीटरच्या उभट पेल्यात येते. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो, तो आपण पेल्यावर जाड कागदाची चकती झाकेपर्यंत. मी पहिल्याच पेल्यावर चकती झाकली. वाढप्याने प्रकृती बरी नाही का, असे विचारले.

तेव्हापासून नियम असा की एका वेळी एक प्रकार, फार तर एक लहान पेला, थोडा वेळ बाहेर ठेवून गारठा उतरल्यावर. आणि गावात नाहीच. रुग्णाने विचारले तर खरे सांगायचे, ग्रॅमचा हिशेब मांडून, आणि न हसता. रुग्ण विचारतातही. नुकतेच एका तरुणाने विचारले, "तुमी घेता का जी?" मी म्हणालो, "महिन्यातून एखादा पेला, आणि तोही औषध म्हणून नव्हे." त्याचा विश्वास बसला नसावा.

पुण्यात 'डूलाली'ने २००९ साली जागेवरच बीअर गाळण्यास आरंभ केला. तेथून महाराष्ट्रात या लघुउद्योगाला बहर आला आणि माझी प्रवासाची सोय झाली. कोकमाची आंबटसर बीअर मला तेथे भेटली. उन्हाळ्यात तिच्यासारखी तीच. आपल्या मध्य प्रदेशात चित्र निराळे आहे. एप्रिल २०२३ पासून दुकानांना लागून असलेले अहाते बंद झाले, एप्रिल २०२५ पासून शेजारच्या मुलताईत दारूविक्रीच थांबली. दुकानात जी बाटली खपते ती बहुतांशी 'स्ट्राँग', आणि ती चव घेण्यासाठी कोणी विकत घेत नाही. बंदीने काय साधेल यावर आपल्यात मतभेद आहेत. मला वाटते, बाटलीवर मद्यार्क टक्क्यांऐवजी ग्रॅममध्ये छापला तर निदान 'नुसती बीअर' हा शब्दप्रयोग तरी कमी ऐकू येईल.

बेल्जियमच्या पद्धतीची एक पांढरी बीअर असते. तिच्यात गव्हाबरोबर धणे आणि संत्र्याची वाळविलेली साल घालतात. हूखार्डेन गावातून ही पद्धत नाहीशी झाली होती. १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या एका गृहस्थाने ती पुन्हा उभी केली. संत्र्याच्या गावच्या माणसाने हे वाचून गप्प बसावे कसे? जावई घरीच बीअर करतो, म्हणून गेल्या आंबिया बहारातील साले वाळवून मी मुलीबरोबर पाठविली. ती संत्री त्याच बागाईतदाराच्या मुलाने आणून दिली होती. २००६ नंतर तो दरवर्षी एक करंडी आणतो आणि पैसे घेत नाही. त्यालाही २०१९ साली खडा झाला होता. चिठ्ठीवर मी 'पाणी, दिवसाला ३ लिटर' एवढेच लिहिले होते आणि त्याच्या आईला समोर बसवून वाचून दाखविले होते.

त्या सालींची बीअर मुलीच्या घरी याच उन्हाळ्यात चाखली. वहीतील नोंद अशी: "१५० मिलिलीटर. साल उत्तम उतरली आहे, वास थेट बागेतला. धणे जास्त झाले. जावयाला सांगणे."